शुक्रवारचं जेवण: बीन्सचं काय ते एकदाचं ठरवा

प्रेषक: सचिव
मंडळी, शुक्रवारची नाटकाची तालीम साडेसातला संपवतोय. हॉलवर परत पिझ्झा नको असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं, म्हणून लॉन्ड्रीशेजारच्या मेक्सिकनमध्ये मोठं टेबल सांगून ठेवतो. ताट दहा-बारा डॉलरात होतं, चिप्स-साल्सा फुकट. गेल्या वर्षी वाजलं ते बिलावरून, जेवणावरून नाही, तेव्हा तो विषय उकरू नका. किती जण येताय ते कळवा.

प्रेषक: सु. वहिनी
आम्ही चौघं. पण आधी बीन्सचं सांगा. रिफ्राइड बीन्स, म्हणजे ते घोटलेले, बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. आमच्या घरात हे सोडले तर सगळे शाकाहारी, त्यात सासूबाई आल्या आहेत. बीन्स गेले, भात गेला, मग ताटात लेट्यूस खायला बारा डॉलर द्यायचे का?

प्रेषक: वि. का.
वहिनी, वेटरला नुसतं 'व्हेजिटेरियन आहे का' विचारून काही हाती लागत नाही. मांसाचा तुकडा दिसत नसला की तो हो म्हणतो. नेमकं विचारायचं: बीन्समध्ये मांतेका (डुकराची चरबी) आहे का, भातात काल्दो दे पोयो (चिकनचं पाणी) आहे का. मक्याची टोर्टिया, म्हणजे त्यांची पातळ भाकरी, निर्धास्त खा. मका, चुन्याची निवळी, पाणी, बास. मैद्याच्या टोर्टियात पूर्वापार चरबीच. हल्ली बरेच जण वनस्पती शॉर्टनिंग घालतात, पण खात्री करून घ्या. तमालेच्या (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) वाटेला जाऊच नका, पिठातच चरबी मळतात.
आणि इथे टेक्ससातली खरी गोम चीज एन्चिलाडात, म्हणजे चीज भरून गुंडाळलेल्या टोर्टियात. नाव वाचून आपण बिनघोर मागवतो आणि वर चिली ग्रेव्ही ओतून येते. तिच्यात कधी खिमा, कधी बीफचा रस्सा. ह्यूस्टनहून येताना हायवेवरच्या एका ठिकाणी आमच्या व्याह्यांनी मिटक्या मारत अर्धी प्लेट संपवली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही. सुदैवाने ते या लिस्टवर नाहीत.

प्रेषक: माजी अध्यक्ष
बीन्सचं चालू द्या. पण जेवणाचं काही ठरवायचं तर खाद्य समिती आहे ना? नाट्य विभागाने परस्पर टेबल कसं सांगितलं? संक्रांतीलाही हेच झालं होतं.

प्रेषक: सचिव
साहेब, हे मंडळाचं जेवण नाही. तालमीनंतर भूक लागते म्हणून जातोय. मंडळाचा एक सेंट लागत नाही.

प्रेषक: माजी अध्यक्ष
मग मंडळाच्या लिस्टवर कशाला?

प्रेषक: नेपथ्य
सासूबाईंसाठी काळे बीन्स मागवा. आख्खे, नुसते उकडलेले. चारो बीन्स अजिबात नको, त्यात बेकन असतं. फार कडक पाळत असाल तर चिप्ससुद्धा विचारून घ्या; तळण्याचं तेल कुठे कुठे एकच असतं.

प्रेषक: सु. वहिनी
आता चिप्सपण गेले.

प्रेषक: वर्धेकर काका
मका आणि चुना वाचून राहवलं नाही. त्या लोकांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवायला हजारो वर्षांपूर्वी सुरुवात केली, म्हणून तो नीट अंगी लागतो. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्राने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगाने, आजारी पडली.
आणि मेक्सिकोच्या मक्यावर आपल्या माणसानेही काम केलंय बरं का. पांडुरंग खानखोजे, आमच्या वर्ध्याचे. गदर चळवळीतले, इंग्रजांमुळे घरी परतायची सोय नव्हती. 1924 पासून मेक्सिकोतल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवायला लागले. मक्या-गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा काढल्या. तिथला प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा, त्याच्या भित्तिचित्रात ते आहेत. 1967 मध्ये नागपुरात गेले. त्यांच्यावर कार्यक्रम करा असं मी दरवर्षी सुचवतो आणि दरवर्षी लावणी ठरते.

प्रेषक: नेपथ्य
काका, ते चित्र मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे, आम्ही बघून आलो. टेबलाशी बसून भाकर मोडणारे तेच. 2022 मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसवला, आपले लोकसभा अध्यक्ष गेले होते अनावरणाला.

प्रेषक: सांस्कृतिक
लावणीला सर्वात जास्त तिकिटं जातात, एवढंच सांगते.

प्रेषक: मावशी (प्रॉम्प्टिंग)
शुक्रवारी संकष्टी आहे, कोणी कालनिर्णय बघितलं का? इथला चंद्रोदय नऊनंतरचा आणि त्यांचं किचन नऊला बंद. मी येईन, लिंबाचं सरबत घेऊन बसेन.

प्रेषक: वि. का.
आज दुपारी टाको खायला गेलो होतो, तेव्हा थेट आचाऱ्यालाच गाठलं. रिफ्राइडमध्ये चरबी आहे. काळे बीन्स तेलातले. भातात चिकन पावडर, पण गुरुवारी दुपारपर्यंत सांगितलं तर टोमॅटो आणि साध्या पाण्याचा भात वेगळ्या पातेल्यात लावून देईल. चिप्सचं तेल वेगळं आहे. ग्रेव्हीऐवजी हिरवा साल्सा मागा; टोमॅटिल्यो (हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ), मिरची, कांदा, कोथिंबीर, त्यात दुसरं काही घालत नाही म्हणाला. वहिनी, सासूबाईंना हिरव्या साल्साची चीज एन्चिलाडा, काळे बीन्स आणि तो भात.

प्रेषक: सु. वहिनी
त्यांना तिखट चालत नाही. पण ठीक आहे, वर साय मागवू. साध्या भाताची चार ताटं लिहा. ह्यांनाही तेच, त्यांना विचारायची गरज नाही.

प्रेषक: खजिनदार
साध्या भाताचा आकडा वि. का. यांना बुधवारी रात्रीपर्यंत कळवा. मोठ्या टेबलाला बिल एकच येतं आणि 18 टक्के टिप त्यात आधीच धरलेली असते, मेन्यूच्या तळाशी छापलंय. मागच्या वेळी 'टिप कशाला' म्हणणाऱ्यांसाठी: टेक्ससात टिपवर काम करणाऱ्यांना मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी कायद्याने पुरतं, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. वर 8.25 टक्के टॅक्स. म्हणजे बारा डॉलरचं ताट पंधराच्या वर जातं. माणशी सोळा आणा, रोख, सुटे. मार्गारिटा घेणाऱ्यांनी आपला हिशोब बारवरच मिटवायचा, टेबलाच्या बिलात घालायचा नाही. कोणासाठी म्हणतोय ते त्यांना कळलंय.