अनुभव धागा: न निघणारा कार्बोरेटर

जळगाव: माझ्या सासऱ्यांची राजदूत 350 ही मोटारसायकल मळ्यातल्या पडवीत 11 वर्षे उभी होती. गेल्या हिवाळ्यात ती घरी आणून उघडायला घेतली, तेव्हा इंजिनापेक्षा अधिक त्रास तिच्या दोन मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरांनी (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागांनी) दिला. पुढे सिलिंडरचे रबर आणि मागे एअर फिल्टरच्या डब्याचे रबर, अशा दोन तोंडांत प्रत्येक कार्बोरेटर अडकलेला असतो आणि आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांनी ती रबरे लाकडासारखी कडक झाली होती. सगळ्या क्लिपा सैल करूनही दोन संध्याकाळी मी ते नुसते हलवत बसलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की कार्बोरेटरला मागे सरकायला जागाच नाही. मग फिल्टरच्या डब्याचे बोल्ट काढून डबा बोटभर मागे ढकलला, रबरांवर उकळत्या पाण्यात बुडवलेले फडके पाच मिनिटे गुंडाळून ठेवले आणि कार्बोरेटर आधी गोल फिरवून मग ओढल्यावर दोन्ही हातात आले. खानदेशात जुन्या गाड्या घरी उघडणाऱ्यांनी आपापले अनुभव, विशेषतः फसलेले, येथे सविस्तर लिहावेत अशी विनंती आहे.

अमळनेर: फसलेलाच सांगतो. माझ्या 100 सीसीच्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर दोन नटांनी आवळलेला असतो. खालचा नट दहाच्या पान्याने सहज सुटला. वरचा हलेना, म्हणून पान्याला पाइप जोडून जोर लावला, तेव्हा नट फिरला खरा, पण स्टडसकट, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या इंजिनात रोवलेल्या आटेदार दांड्यासकट. अर्धा स्टड आतच राहिला. पोलादी स्टड अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते आणि तीच त्याला घट्ट पकडून ठेवते, हे मला नंतर लेथवाल्याने समजावले. त्याने तुकडा ड्रिल करून काढला, नवे आटे पाडून दिले आणि वर ऐकवले, "जोर नको लावू भाऊ, तेल टाक नि सकाय लगून वाट दख." दुसऱ्या गाडीच्या वेळी मी अक्षरशः तसेच केले. रात्री रॉकेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले, सकाळी नट आधी किंचित आवळला आणि मग सैल केला. आधी आवळण्याची ही युक्ती विचित्र वाटते, परंतु जमलेला गंज त्यानेच तुटतो.

धुळे: वर गरम फडक्याचा उल्लेख आहे, त्याला माझा दुजोरा. मी वडिलांची गाडी दुरुस्त करताना केस वाळवण्याचे यंत्र वापरले, परंतु त्याआधी टाकी उतरवून दुसऱ्या खोलीत नेली, फ्लोट चेंबरमधले (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतले) पेट्रोल खालच्या स्क्रूतून पूर्ण काढले आणि दारे-खिडक्या उघडून अर्धा तास थांबले. शेजारच्या काकांनी मेणबत्तीने रबर शेकण्याचा सल्ला दिला होता. तो मी ऐकला नाही.

भुसावळ: आरएक्स 100 मध्ये माझी अडचण निराळी होती. एरवी वरचे झाकण फिरवून काढले की केबलसह स्लाइड (आतली वर-खाली सरकणारी झडप) बाहेर येते आणि कार्बोरेटर मोकळा होतो. माझी स्लाइड मात्र वाळलेल्या पेट्रोलच्या डिंकात रुतून बसली होती आणि केबल ओढली तरी वर येत नव्हती. शेवटी केबल हँडलच्या बाजूने सोडवली आणि सगळे एकत्रच गाडीवरून उतरवले. कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर ठेवल्यावर, खालून लाकडी दांडीने हलके टिचक्या मारून ती निघाली. पक्कड लावली असती तर त्या मऊ ओतीव धातूचे नुकसान अटळ होते. आणखी एक गोष्ट, जी मी बरीच उशिरा शिकलो: मिकुनीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खाऊन टाकतो. त्या मापाचा पेचकस किंवा हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणावा.

रावेर: माझा कार्बोरेटर सहज निघाला. फिल्टरच्या बाजूला कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, एवढेच. निघताक्षणी इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले म्हणून ती माती आत गेली नाही.

नंदुरबार: काढण्याइतकाच परत बसवण्याचाही विचार व्हावा. मी कडक झालेले रबर क्लिप आवळून पुन्हा वापरले. चिरेतून बाहेरची हवा आत जात राहिली, मिश्रणात पेट्रोल कमी पडले आणि शहाद्याच्या रस्त्यावर, ऐन वेगात, टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून पकडला. गाडी निवांत चालू ठेवून रबराभोवती पाणी शिंपडले असते आणि इंजिनाचा आवाज बदललेला ऐकला असता, तर गळती घरीच कळली असती.

जळगाव: आपला अनुभव वाचून दोन्ही रबरे दुमडून पाहिली. डाव्याला आतून लांब चीर आहे. गाडी अजून सुरू केलेली नाही. नवे रबर मिळेपर्यंत करणारही नाही.