नवोदयला पाठवण्याआधी पाळीबद्दल बोला

मुलीला नवोदयच्या निवासी शाळेत पाठवल्यावर आईने रोज फोन केला तर ती तिथे रुळत नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला पटतं. पण मग जाण्याआधी बोलणं भरपूर व्हायला हवं, आणि त्यात पाळीचा विषयही यायला हवा. नवोदय विद्यालयात प्रवेश सहावीला, म्हणजे पोरगी जेमतेम ११ वर्षांची. कितीतरी जणींची पहिली पाळी वसतिगृहातच येते. मी लेकीला निघण्याआधी पॅड चड्डीला लावून दाखवलं, वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं हेही सांगितलं. जुन्या ओढणीची चेनवाली छोटी पिशवी शिवून दिली. त्यात दोन पॅड, एक गडद रंगाची चड्डी आणि थोडा वर्तमानपत्राचा कागद. ही पिशवी दप्तरात ठेवा, ट्रंकेत नको; भर तासाला पाळी आली तर ट्रंक हाताशी नसते.

सर असोत की वरच्या वर्गातल्या ताई, कुणाचं वागणं खटकलं तर मला सांग, मी आधी तुझंच ऐकेन, हेही तिला स्पष्ट बोलले. १०९८ पाठ करून घेतला. मुलांसाठीची ही हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. तिथे महिन्याच्या भेटीलाही जाणं अवघड, म्हणून आठवीच्या सुट्टीत हे सगळं पुन्हा एकदा बोलून घ्या.