'बाजाराचं अपयश' आणि 'फेरवाटप'

खाडीकाठ: वाचनालयाच्या अंकासाठी अर्थशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणतोय. 'मार्केट फेल्युअर'ला, म्हणजे बाजार आपणहून साधनांचा नीट वापर घडवू शकत नाही त्या स्थितीला, 'बाजाराचं अपयश' लिहिलं. आंब्याचा धंदा करणारे मामा म्हणाले, "सरळ 'बाजार बसला' लिही की!" पण बाजार बसला म्हणजे भाव पडले. इथे भाव तेजीत असूनही 'फेल्युअर' असू शकतं. शिवाय 'रीडिस्ट्रिब्यूशन' (उत्पन्न-संपत्ती नव्याने वाटणं) आहेच: पुनर्वितरण की फेरवाटप?

कलमी: मामांना त्यांच्याच पेटीचं उदाहरण द्या. कर्नाटकी आंबा 'देवगड' म्हणून खपतो, गिऱ्हाइकाला कळत नाही, खरा माल मार खातो. बाजार बसलेला नाही, फसलेला आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खोके तसेच छापले जातात.

शुद्धमती: 'बाजार' फारसी, 'अपयश' संस्कृत. 'विपणि-वैफल्य' म्हणावं.

तांडेल: हे बोटीवर म्हणून बघा, खलाशी पाण्यात उड्या टाकतील.

गुहागरची: मला 'वाटप' खटकतं. साडीवाटप, धान्यवाटप; देणारा वर, घेणारा खाली. वाटणी हक्काची असते. कूळकायद्याबद्दल आमची आजी 'जमीन गेली' म्हणायची, शेजारच्या घरात 'जमीन नावावर लागली' म्हणत. त्याला वाटप म्हणायचं की वाटणी?

तांडेल: वाटणीच. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, दोराला हात लावला की वाटा मिळतो, कोणी उपकार करत नाही.

खाडीकाठ: लेखाचा मुद्दाच निसटतोय. बाजार चोख चालला तरी विषमता राहू शकते, म्हणून विषमता हे आपोआप 'अपयश' ठरत नाही, असं त्यात आहे.

तांडेल: मग पर्ससीन घ्या, मासळीचा अख्खा थवा वेढून उचलणारं मोठं जाळं. सगळ्यांनी ओरबाडून मासळी संपली, ते अपयश. संपण्याआधी ती कोणाच्या जाळ्यात गेली, हा वाटणीचा प्रश्न. भांडण मात्र आम्ही दोन्हींचं एकत्रच करतो.

कलमी: मग 'फसलेला बाजार' आणि 'फेरवाटणी' लिहा.

शुद्धमती: 'फसलेला' म्हणजे कोणीतरी फसवलं असं वाटतं.

कलमी: आंब्यात फसवतातच.

मालवणी माणूस: आमच्याकडे वाटप म्हणजे आमटीसाठी वाटलेला ओला नारळ. 'फेरवाटप' वाचून मला वाटलं, मिक्सर बिघडला.

गुहागरची: 😄 वाटपात तिरफळं घालता का?

मालवणी माणूस: वाटायची नाहीत, ठेचून वरून टाकायची. बांगड्यातच.

खाडीकाठ: अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय.

तांडेल: बांगड्यातच का? तारल्यातही टाकतात.