कॉलेजच्या फुटबॉल टीमला कोच निवडायचाय, तिघांतून कुणाला घ्यावं?

गोलकीपर परभणी:
आमच्या कॉलेजात फुटबॉलला कोच घ्यायलेत, मानधनावर, वर्षभरासाठी. माजी खेळाडू म्हणून मलाही कमिटीत बसवलंय अन् खरं सांगतो, मुलाखतीत काय विचारावं हेच कळंना. तिघं आलेत. एक कोल्हापूरकडचे, तालमीच्या टीमकडून (तिकडं तालमींचेच फुटबॉल संघ असतात) बरीच वर्षं खेळलेले, एआयएफएफचं म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं सी लायसन, बोलायला लागले की ऐकतच बसावं. दुसरे आपल्याच जिल्ह्यातले, बीपीएड एमपीएड, खो-खो अन् रनिंगची पोरं चांगली घडवलीत पण फुटबॉल स्वतः कधी फारसं खेळले नाहीत. तिसरा आमचाच जुना कॅप्टन, २७ वर्षांचा, डी लायसन म्हणजे सीच्या खालचं, नांदेड विद्यापीठाकडून दोनदा वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलाय. माझा कल तिसऱ्याकडं, पण तो माझा मित्र पडला, म्हणून स्वतःवरच भरवसा वाटंना.

लातूरचा लेफ्ट बॅक:
भाऊ, लायसनवरून एवढंच कळतं की माणसानं कोर्स केलाय. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीची मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, तिथलं पोरगं पाचवीपासून बॉल लाथाडतंय, आपल्याकडं बरीच पोरं अकरावीत आल्यावर पहिल्यांदा बॉलला पाय लावतात. आमच्याकडं असेच एक मोठ्या नावाचे बाहेरचे कोच आणले होते, दिवाळीला गावाकडं गेले ते परत आलेच नाहीत. तुम्ही एकच विचारा, बारा पोरं आलीत, बॉल चार, त्यातल्या दोघांत हवा नाही, पावसानं काळ्या मातीचा चिखल झालाय, तर तासभर काय घेणार? जो आधी बजेट मागंल त्याला चहा पाजून पाठवा.

भाच्याचा मामा:
माझा भाचा अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकायलाय. तिथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे ते हेल्मेटवालं, पण कोच निवडायची डोकेदुखी तीच. २०२३ ला त्यांची टीम ३ जिंकली ९ हरली, कोचला घरी पाठवलं अन् कर्ट सिग्नेटी म्हणून ६२ वर्षांचा माणूस आणला. हा आधी अलाबामासारख्या बड्या टीमला असिस्टंट होता, ते सोडून २०११ ला एका बारक्या कॉलेजचा हेड कोच झाला, मग अजून दोन कॉलेजं, जाईल तिथं जिंकलाच. इंडियानात पहिल्याच सीझनला ११ जिंकल्या, फक्त २ हरला. म्हणजे मोठ्या टीमच्या मागं उभा असताना काय केलं ते सोडा, कमी सामानात स्वतः काय उभं केलं ते बघा.

लातूरचा लेफ्ट बॅक:
मामा, तो जुन्या कॉलेजातली १३ पोरं सोबत घेऊन गेला होता ते पण सांगा की 😄 इथं नांदेडची पोरं परभणीला कोण आणणार, होस्टेलचं बघायचं कुणी?

खोखोवाली धाराशिव:
दुसऱ्या सरांना एवढ्यात काढू नका हो दादा. आमच्या धाराशिवची खो-खोची सारिका काळे, २०२० चा अर्जुन पुरस्कार, ती काय मोठ्या शहरातून आली का? रोज ग्राउंडवर येणारा माणूस पायजे. तुमची अर्धी पोरं पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पळायला निघून जाणार, त्यांना धरून कोण ठेवतंय ते बघा. कागदं वाचून काय कळणार नाही, तिघांनी घडवलेल्या दोन-दोन जुन्या पोरांना फोन लावा, अन् प्रत्येकाला अर्धा तास ग्राउंड द्या.

गोलकीपर परभणी:
ताई, तुमचं ऐकून काल ग्राउंड दिलं. कोल्हापूरच्या सरांनी बोर्डावर लय भारी फॉर्मेशन काढलं, पोरं माना डोलवायलेत पण कळालं कुणालाच नाही. आमचा कॅप्टन स्वतःच खेळत बसला, तीन गोल मारले, पोरं खूश, शिकवलं काहीच नाही. दुसरे सर दहा मिनिटं आधी येऊन गोलपोस्टपुढचे बाभळीचे काटे वेचत होते. मग पोरांना जोडीनं उभं करून नुसतं बॉल थांबवायला लावलं, डाव्या पायानं, उजव्या पायानं, अन् एका पोराला म्हणाले, ऑफसाइडमध्ये मी कच्चा आहे, तू दाखव बरं करून. पोरगं असं खुललं की बास. जुन्या दोघांना फोन केला तर दोघंही अजून सरांच्या घरी जाऊन जेवतात म्हणाले.
मी मार्क दुसऱ्या सरांना दिले अन् कॅप्टनला असिस्टंट घ्या म्हणून खाली लिहिलं. प्राचार्य अजून कोल्हापूरवरच अडलेत, उद्या परत बैठक आहे. कॅप्टन सकाळपासून माझा फोन उचलंना.