मदत हवी आहे: अमेरिका-ब्रिटन द्विपक्ष पद्धत, तुलना कशी लिहू?

तापीकाठची: उद्या अकराला टिपण द्यायचंय. दोन्हीकडे दोनच पक्ष, मग फरक काय लिहू? सरांनी पहिलं टिपण परत केलं, वर लाल शाईने एवढंच: 'तिसरा कुठे गेला?' म्हणजे काय? लवकर सांगा.

पारोळकर: बीए की एमए? किती पानी? देश दोनच आहेत का?

वरणगाव_७: 'ब्रिटनमध्ये दोनच' हे आधी खोडा. २०१० ला सरकार बनवताना हुजूर पक्षाच्या कॅमेरून यांना तिसऱ्या पक्षाला, लिबरल डेमोक्रॅट्सना, सोबत घ्यावं लागलं. २०२४ ला त्यांचे ७२ खासदार आले. अमेरिकेत १९९२ ला अध्यक्षपदाला अपक्ष उभे राहिलेल्या रॉस पेरो यांनी १९ टक्क्यांच्या आसपास मतं घेतली, पण अध्यक्ष ज्यावर ठरतो ते राज्यांचं इलेक्टोरल मत एकही नाही. तिसरा तिथे गेला.

ओट्यावरचा: फ्रेंच अभ्यासक दुव्हर्जेचा नियम वाचा. एका जागेवर एकच निवडून येणार म्हटलं की लोक तिसऱ्याला देऊन मत वाया घालवत नाहीत, म्हणून दोनच उरतात. आमच्या गावात ग्रामपंचायतीला दोनच पॅनल पडतात. मी तिसऱ्याकडून उभा होतो. आदल्या रात्री सख्खी काकू म्हणाली, "तुले मत दिसन वायाच जाई ना, भाऊ." तिने दुसऱ्याला दिलं. मला अजून लागतं ते.

चाळीसगावकर: मग भारतात पद्धत तीच असून लोकसभेत इतके पक्ष कसे? आणि माल्टात पसंतीक्रमाचं, प्रमाणशीर मतदान, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, तरी कित्येक दशकं संसदेत दोनच पक्ष. नियम सांगताना हेही सांगा.

ओट्यावरचा: नियम मतदारसंघापुरता आहे. हिमाचल बघा, राजस्थान बघा, लढत काँग्रेस-भाजपचीच. राज्याराज्यातल्या जोड्या वेगळ्या, म्हणून दिल्लीत गर्दी दिसते.

केळीबाग: आपल्याकडे अध्यक्षीय पद्धतच आणा, फोडाफोडी थांबेल. आमदार कोणत्याही पक्षाचा असो, केळीच्या विम्याचे पैसे दोन हंगामांपासून अडकलेत आमचे.

पारोळकर: दादा, विम्याचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो मी. ताई, पानं किती ते अजून सांगितलं नाही.

तापीकाठची: एमए, तौलनिक राजकारण, चार पानं. यादीत न्यूझीलंडही आहे, लिहायचं राहिलं.

पारोळकर: अहो, तेच तर मुख्य! तिथेही आधी एका जागेवर एकच अशी पद्धत, लेबर आणि नॅशनल हे दोन पक्ष आलटून पालटून यायचे. १९९३ च्या सार्वमतात लोकांनी पद्धत बदलली, १९९६ पासून मिश्र प्रमाणशीर, म्हणजे मतदारसंघ आहेतच, पण एकूण जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात. तेव्हापासून एका पक्षाला स्वबळावर बहुमत फक्त २०२० ला. देश तोच, मतदार तेच, मोजणी बदलली आणि तिसरा आत आला. तिथूनच सुरुवात करा.

तापीकाठची: पहिलं पान फाडलं. सार्वमतापासून लिहायला घेतेय. पेरोंचा नेमका आकडा?

वरणगाव_७: १८.९.