शस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम आधीच टाळता येतो का?

प्रश्न:
माझ्या आईचे वय ७८ आहे. गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडल्यामुळे तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या रात्री ती एकाएकी मला ओळखेनाशी झाली, भिंतीवर माणसे चालताना दिसतात असे सांगू लागली, सलाईनची नळी ओढू लागली. जुनी माणसे ज्याला ‘वात झाला’ म्हणत, तेच हे असावे. डॉक्टरांनी डिलिरियमचे निदान केले. पाचव्या दिवशी ती पूर्ववत झाली, पण त्या रात्री मी विसरू शकलेले नाही. आता तिच्या गुडघ्याचा सांधा बदलायचे ठरले आहे. डिलिरियम होऊच नये म्हणून आधी देता येईल असे औषध आहे का? कंबरेतून भूल दिल्यास धोका कमी होतो का?

प्रतिसाद १:
मी भूलतज्ज्ञ आहे. औषधाबाबत आपली निराशाच करावी लागते. नेदरलँड्समधील अतिदक्षता विभागांत १७८९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हॅलोपेरिडॉल हे भास-भ्रमांवरचे औषध आधीपासून देऊन पाहिले गेले; त्याने ना डिलिरियमचे प्रमाण घटले, ना अधिक रुग्ण वाचले. भुलीचेही तसेच आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवरील २०२१ च्या चाचणीत कंबरेतून भूल दिलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांना, तर संपूर्ण भूल दिलेल्यांपैकी १९.७ टक्क्यांना डिलिरियम झाला, म्हणजे फरक पडला नाही.

उपयोग दिसला तो वरकरणी अगदी साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा. येल विद्यापीठात शॅरन इनौय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधोपचारासाठी दाखल झालेल्या, वयाची सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. रात्रीची झोप मोडू न देणे, लवकर हालचाल, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, शरीरातील पाणी कमी होऊ न देणे, तारीख-वार आणि ठिकाण यांची वारंवार आठवण करून देणे, एवढ्यावर भर दिल्यावर डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. मात्र तो एकदा सुरू झाल्यावर याच उपायांनी त्याची तीव्रता कमी झाली नाही. म्हणून जे करायचे ते पहिल्या दिवसापासूनच करायला हवे, आणि आईंना एकदा हा त्रास होऊन गेला आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत आपण आवर्जून सांगायला हवे.

प्रतिसाद २:
मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आपल्या आईंचा डिलिरियम आरडाओरड्यामुळे लगेच लक्षात आला, पण अनेक वृद्धांमध्ये तो अगदी शांतपणे येतो: रुग्ण गप्प पडून राहतो, जेवत नाही, प्रश्नाला अर्धवट उत्तर देऊन डोळे मिटतो आणि घरच्यांना वाटते की थकवा असेल. या प्रकाराकडे दुर्लक्ष होते, याचे मला फार वाईट वाटते. वर्षाच्या महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगावे. काल ज्यांना ते जमत होते त्यांचा धागा आज वारंवार तुटत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. कारण शोधणे त्यांचे काम आहे: जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातील सोडियम घटणे, दाबून ठेवलेली वेदना यांपैकी काहीही निघू शकते. वेदना मुकाट्याने सोसणे हाही धोका आहे, हे आईंना समजावून सांगा.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे मनापासून आभार. गेल्या वेळी हरवतील म्हणून आईचा चष्मा आणि कानाचे यंत्र पहिल्याच दिवशी माझ्याकडे परत दिले होते, आणि मीही ते निमूटपणे घरी नेले. आणखी एक शंका आहे: ती कित्येक वर्षे झोपेची गोळी घेते. आतापासून ती बंद करावी का?

प्रतिसाद १:
परस्पर बंद करू नका. बेन्झोडायझेपिन या गटातील झोपेच्या गोळ्यांमुळे डिलिरियमचा धोका वाढतो हे खरे, पण वर्षानुवर्षांची गोळी एकाएकी थांबवल्यासही डिलिरियम होऊ शकतो. मात्रा हळूहळू कमी करायची की तशीच ठेवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच भेटा आणि सर्दी-खाजेच्या, लघवीच्या तक्रारींच्या गोळ्यांसह सगळ्या औषधांची यादी न्या, कारण त्यांतील काही औषधे वृद्धांच्या मेंदूला अजिबात मानवत नाहीत. चष्मा आणि श्रवणयंत्र यांवर नाव लिहून, त्यांची नोंद परिचारिकेकडे करून ते उशाशीच राहू द्या. भुलीतून जाग आल्यावर आईंना ते लगेच लावून द्यायला सांगा.