मेंदूत रुतलेला तुकडा काढावाच का?

मेंदूत शिरलेला गोळीचा, धातूचा वा हाडाचा प्रत्येक तुकडा शस्त्रक्रियेने काढलाच पाहिजे, असे म्हटले जाते; पण ते तितकेसे खरे नाही.  1917 साली पहिल्या महायुद्धात अमेरिकी मेंदू-शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी जखम खोलवर स्वच्छ करून मेंदूचे आवरण शिवण्याची पद्धत राबवली आणि त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 54 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर आले. मात्र 1980 च्या दशकातील लेबनॉन आणि इराण-इराक युद्धांच्या अनुभवानंतर, खोलवरच्या तुकड्यांमागे लागून निरोगी मेंदू दुखावण्यापेक्षा मृत भाग व सहज हाती येणारे तुकडे काढून आवरण घट्ट शिवावे, हा विचार बळावला. कारण मेंदूजलाची (मेंदूभोवतीच्या द्रवाची) गळती चालू राहिली की जंतुसंसर्गाचा धोका फार वाढतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर-चिकोडीकडे गोळीपेक्षा कोयत्याची वा सळईची जखम अधिक संभवते. रुतलेली वस्तू जागेवर उपसू नये (कितीही सांगा, कोणीतरी ओढतोच). ती न हलवता रुग्णाला बेळगाव किंवा कोल्हापूरला, न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिथे आधी सीटी स्कॅन होतो. लोखंड आत असेल तर एमआरआय (शक्तिशाली चुंबकाने होणारी तपासणी) टाळतात. मोठ्या रक्तवाहिनीजवळून जखम गेली असल्यास अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा) आग्रह धरावा, कारण वाहिनीला आलेला फुगा काही दिवसांनीही फुटू शकतो.